माउस बाजूला ठेवा, मग संकेतस्थळ सर्वांचे आहे म्हणा

शासकीय संकेतस्थळांच्या वरच्या पट्टीत आजकाल तीन लहान अक्षरे दिसतात: अ-, अ, अ+. शेजारी पान काळे-पांढरे करणारी एक कळ आणि ‘स्क्रीन रीडर’ नावाची एक लिंक असते. ती लिंक उघडली की स्क्रीन रीडर कोठे मिळतात याची यादी समोर येते. गंमत अशी की ही यादी ज्याच्यासाठी आहे, तो अंध नागरिक स्क्रीन रीडर सोबत घेऊनच त्या पानापर्यंत पोहोचलेला असतो. त्याला हवा असतो पुढचा अर्ज. तो अर्ज माउसशिवाय भरता येतो का, हे मात्र अनेक ठिकाणी कोणी पाहिलेलेच दिसत नाही.

माझे म्हणणे साधे आहे. संकेतस्थळ सर्वांसाठी खुले आहे असा दावा करणाऱ्याने ते आधी फक्त कळफलकावर चालवून दाखवावे. मग स्क्रीन रीडरवर चालवावे. आणि ही दुसरी तपासणी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाकडून, त्याला मोबदला देऊन, करून घ्यावी. प्रमाणपत्रे आणि अ+ च्या कळा त्यानंतर.

हा विषय मूठभर लोकांचा किंवा संगणकवाल्यांचा आहे असे वाटत असेल, तर २०११ च्या जनगणनेकडे पाहा. तीत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांपैकी ५० लाखांहून अधिक दृष्टिबाधित होत्या. १ जून २०२१ पासून अपंगत्वाचे प्रमाणपत्र केंद्राच्या यूडीआयडी पोर्टलवरूनच देणे बंधनकारक झाले. म्हणजे आपल्याला दिसत नाही हे सिद्ध करण्यासाठीही आता संकेतस्थळावरूनच जावे लागते. शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, परीक्षेचा अर्ज, बँकेचे खाते, सगळ्याचा दरवाजा तोच. पूर्वी कचेरीच्या पायऱ्या आडव्या येत, पण निदान खिडकीतल्या माणसाला हाक तरी मारता येई.

हा दरवाजा उघडला नाही की माणूस काय करतो? शेजारच्या मुलाला बोलावतो, सेवा केंद्रात जातो, सायबर कॅफेत वीस-तीस रुपये देतो. आणि पैशांबरोबर आधार क्रमांक, पासवर्ड, मोबाइलवर आलेला ओटीपी हेही देतो. खात्यात किती रक्कम आहे, कोणत्या आजाराचा दावा केला आहे, न्यायालयात कोणाविरुद्ध काय चालले आहे, हे सारे तिसऱ्या माणसाला कळते. डोळस माणसाला आपण सांगतो की ओटीपी कोणाला सांगू नका. अंध माणसाला मात्र तो सांगितल्याशिवाय पर्याय ठेवत नाही. विशेषतः घरातल्यांपासून आपले पैसे वेगळे ठेवू पाहणाऱ्या अंध स्त्रीसाठी ही केवळ गैरसोय राहत नाही, तिच्या हातातला निर्णयच जातो.

आता तपासणीबद्दल. तिच्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही, निदान पहिल्या टप्प्यात तरी नाही. माउस काढून ठेवा. टॅब दाबत पुढे जा, शिफ्ट आणि टॅबने मागे या. लिंक एंटरने उघडते, बटण स्पेसनेही दाबले जाते, यादीत वर-खाली जायला बाण, आणि उघडलेली खिडकी बंद करायला एस्केप. एवढ्यावर अर्ज सुरुवातीपासून पावती छापेपर्यंत गेला पाहिजे.

पहिली अडचण बहुधा अशी येते की आपण कोठे आहोत तेच दिसत नाही. टॅब दाबला की निवडलेल्या जागेभोवती एक चौकट उमटायला हवी. ती ‘सुंदर दिसत नाही’ म्हणून रचनाकार काढून टाकतात. (ज्या चौकटीवर कोणाची तरी वाट अवलंबून आहे, ती दिसायला कुरूप आहे हा आक्षेप मला कधीच समजलेला नाही.) मग पॉपअप येतो. त्याची फुली माउसने दाबता येते, टॅब तेथे पोहोचतच नाही. किंवा टॅब त्या खिडकीत शिरतो आणि बाहेरच पडत नाही. जन्मतारखेसाठी कॅलेंडर येते, आणि तारीख टाइप करायची सोय नसेल तर १९५८ साली जन्मलेल्या आजोबांनी एकेक महिना मागे जात बसायचे.

जिल्ह्यांच्या यादीची गोष्ट तर पाहण्यासारखी असते. काही अर्जांत जिल्हा निवडताक्षणी पान नव्याने उघडते, तालुके आणण्यासाठी. माउसवाल्याला यात काही खटकत नाही, कारण तो थेट सोलापूरवर बोट ठेवतो. कळफलकवाला खाली जाणारा बाण एकदा दाबतो, अकोला येते, आणि तेवढ्यावरच पान उघडून अकोल्याचे तालुके हजर होतात. माहितगार माणूस ऑल्ट आणि खालचा बाण एकत्र दाबून यादी आधी उघडतो आणि मग वाट काढतो. ही युक्ती माहीत नसलेल्याला सोलापूर गाठणे अवघड असते. हा दोष दुरुस्त करायला फारसे काही लागत नाही. ‘पुढे जा’ असे एक बटण द्यायचे, बस.

कळफलकाची परीक्षा पार पडली की स्क्रीन रीडर. पडद्यावर जे लिहिले आहे ते बोलून दाखवणारी ही प्रणाली. विंडोजवर चालणारा एनव्हीडीए मोफत आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली त्याचे काम सुरू केले. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीच असतो. तो चालू करा, पडदा झाका आणि ऐका. चांगल्या अर्जात ‘वडिलांचे नाव, आवश्यक’ असे ऐकू येते. वाईट अर्जात नुसते ‘एडिट, ब्लँक’. पुढच्या रकान्यात पुन्हा तेच. रकान्याच्या शेजारी नाव छापलेले असते, पण ते या रकान्याचे नाव आहे हे संगणकाला कोणी सांगितलेले नसते. बातम्यांच्या पानावर ‘अधिक वाचा’ ही लिंक वीस वेळा ऐकू येते, काय अधिक वाचायचे ते कळत नाही. चूक झाली की रकाना लाल होतो. लाल रंग ऐकू येत नाही.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: आमच्याकडे यंत्राने तपासणी झाली आहे, गुण चांगले आहेत. यंत्राचा उपयोग आहे, मी तो नाकारत नाही. अमेरिकेतील वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राने तपासते. २०२५ मध्ये त्यांतील ९४.८ टक्के पानांवर उघड दोष आढळले. म्हणजे यंत्राला दिसणारे दोषसुद्धा आपण काढत नाही. पण चित्राला वर्णन आहे की नाही एवढेच यंत्र सांगते. ते वर्णन ‘चित्र १’ असे असेल तरी त्याचे समाधान होते. अर्ज शेवटपर्यंत भरता आला का, हे भरून पाहणाराच सांगू शकतो. एका ओळीचा कोड टाका, संकेतस्थळ आपोआप सुगम्य होईल, असे विकणाऱ्या कंपन्याही आहेत. त्यांतील ॲक्सेसिबी या कंपनीला अशा दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरण्यास भाग पाडले.

मराठीचे दुखणे आणखी वेगळे आहे. युनिकोड येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी डोळ्यांना मराठी दिसते, आत मात्र ती रोमन अक्षरांची खिचडी असते. स्क्रीन रीडर ती खिचडीच वाचतो. परिपत्रक स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवले तर तेवढेही नाही, नुसते एक मुके चित्र. आणि मराठी-इंग्रजी अशा दोन भाषांत चालणाऱ्या कोणत्याही नियतकालिकाने, संस्थेने किंवा खात्याने पानाच्या कोडमध्ये कोणता मजकूर कोणत्या भाषेतला हे नोंदवले पाहिजे. ते नसेल तर इंग्रजी आवाज मराठी परिच्छेदावर गप्प बसतो किंवा भलतेच काही बोलतो. इंग्रजी पानावर चाचणी करून मराठी पानालाही उत्तीर्ण म्हणणे ही फसवणूक आहे. समतेचे आवाहन चित्र बनवून व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्या पुरोगामी मंडळींनाही हेच लागू आहे. त्या चित्राखाली तोच मजकूर टाइप करायला दोन मिनिटे लागतात.

कायद्याची उणीव नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ चा आहे, नियम जून २०१७ चे. कलम ४६ प्रमाणे सेवा देणाऱ्यांना दोन वर्षांची मुदत होती, ती २०१९ मध्ये संपली. शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवणारा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करण्यास सांगितले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीला केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले गेले होते, जी तिला शक्यच नव्हती. ही पद्धत ठरवताना अशा एका व्यक्तीला नुसते बोलावून विचारले असते तरी खटला टळला असता. न्यायालयाच्या निर्देशांत ठरावीक काळाने सुगम्यता-तपासणी आणि नवी सुविधा आणताना अंध व्यक्तींचा चाचणीत सहभाग यांचा उल्लेख आहे. माझ्या मते हा सहभाग ऐच्छिक ठेवून चालणार नाही. निविदेतच लिहावे: कळफलक आणि स्क्रीन रीडरवर, मराठीत, संपूर्ण अर्ज भरून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही.

खर्चाचा मुद्दा निघतोच. कळफलक प्रत्येक संगणकाला असतो, एनव्हीडीएला पैसे पडत नाहीत, रकान्याला नाव जोडायला कोडची एक ओळ लागते. खर्च होतो तो सगळे बांधून झाल्यावर भिंती फोडण्याचा. शिवाय हात थरथरणारे वृद्ध, एका हाताने काम करणारे, माउस बिघडलेला विद्यार्थी, टॅबवर झरझर नोंदी करणारा कारकून, सगळ्यांना तीच वाट उपयोगी पडते.

एखादे कार्यालय नव्या पोर्टलचे उद्घाटन करते तेव्हा माहिती अधिकारात चार गोष्टी विचारता येतील. चाचणी अहवालाची प्रत. चाचणी कोणत्या तारखेला झाली आणि त्यानंतर पानांत काय बदलले. कोणता स्क्रीन रीडर, कोणत्या भाषेत वापरला. चाचणी करणाऱ्यांत रोज स्क्रीन रीडर वापरणारे किती होते आणि त्यांना किती मोबदला दिला. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज ऑनलाइन भरणार असाल तर माउस बाजूला ठेवूनच भरा. अडलात तर कोणत्या रकान्यात अडलात तेही त्याच अर्जात लिहा.