अतिथीचाही धर्म असतो

पारनेर तालुक्यातील निघोज येथे कुकडीच्या प्रवाहाने आणि त्यासवे गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी काळ्या कातळात सहस्रावधी वर्षे रांजणखळगे कोरले. काठी मळगंगा देवीचे स्थान. आज भाविकांच्या जोडीने सहलीचे जथे येतात आणि त्यांतील काही जण मद्याच्या बाटल्या तेथेच भिरकावतात. अतिथीला देव मानावे, हे आपण यजमानास शिकवितो. देवासारखे वागण्याचे बंधन अतिथीवर कोण घालणार? याच तालुक्यातील राळेगणसिद्धीने अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने दारूच्या भट्ट्या बंद केल्या. तरी जलसंधारण पाहावयास तेथे देशभरातून माणसे आलीच! निघोजच्या हॉटेलचालकांनी आणि सहली नेणाऱ्यांनी एवढे तरी ठरवावे, की कुंडाकडे बाटली जाणार नाही. धंदा थोडा बुडेल. पण देवीच्या दारी अनवाणी आलेल्या वृद्धेच्या पायात रुतणारी काच कोणाच्या हिशेबात धरायची?