युरोपची सहल आणि आईचे दोन घोट पाणी

दरवर्षी मार्च-एप्रिल उजाडला की माझ्या क्लिनिकमध्ये एक ठरावीक प्रश्न येतो. "डॉक्टर, जूनमध्ये युरोपला चाललोय. आजीला सोबत नेतोय. तिकडे थंडी असते ना? स्वेटर किती घेऊ? आणि सर्दी-खोकल्याच्या गोळ्या लिहून द्या." पाणी, ऊन, पायऱ्या, बीपीच्या गोळ्या यांबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, कारण मीही विचारलं नव्हतं. तीस वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करतोय. दर उन्हाळ्यात उष्माघाताचे पेशंट पाहतो. तरीही माझ्याच आईच्या बाबतीत मी चुकलो. म्हणून आज औषधांपेक्षा थोडं मतच मांडणार आहे. आपण ज्येष्ठांना परदेशी नेतो ते प्रेमापोटी, पण सहलीचा बेत आखतो तो आपल्या गुडघ्यांच्या आणि आपल्या दमाच्या हिशोबानं. हे बदलायला हवं.

कोर्निल्याच्या पायऱ्या

जूनचा शेवटचा आठवडा होता. मी, पत्नी, कॉलेजात जाणारी दोन मुलं आणि ७६ वर्षांची आई. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे नावाची पाच गावं आहेत: मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. डोंगराच्या कड्यावर रंगीत घरं, खाली निळा समुद्र. १९९७ साली हा भाग युनेस्कोच्या वारसा यादीत आला. गावांना जोडणारी रेल्वे आहे, दोन गावांमधलं अंतर काही मिनिटांचं. म्हणून मुलांनी बेत केला: एका दिवसात पाचही गावं, मग रोम.

यातली चार गावं समुद्राला लागून आहेत. कोर्निल्या मात्र पाण्यापासून सुमारे शंभर मीटर उंचावर आहे. स्टेशन खाली आणि गाव वर. मधे नागमोडी जिना, पावणेचारशेच्या वर पायऱ्या, आणि वाटेत सावली जवळजवळ नाही. स्टेशनवरून वर जायला छोटी बस असते. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि बसला मोठी रांग होती. आईच म्हणाली, "अरे, मी चढते हळूहळू. पर्वती चढलेली आहे मी." आम्ही हसलो आणि चढायला लागलो.

साधारण तिसरा हिस्सा चढल्यावर ती थांबली. "जरा डोळ्यांपुढे अंधारी आली," एवढंच म्हणाली आणि कठड्याला धरून खाली बसली. चेहरा पांढरा पडला होता, अंग घामानं थंड, नाडी बारीक आणि जलद. जिन्याच्या वळणावर तिला आडवं केलं, पाय उचलून धरले, मुलांनी छत्र्यांची सावली केली. ती बोलत होती, उत्तरं बरोबर देत होती, तेव्हा माझा जीव थोडा भांड्यात पडला. घोट घोट करून ओआरएस पाजलं. वीसेक मिनिटांनी ती उठून बसली.

मग मी जो प्रश्न सकाळी विचारायला हवा होता, तो विचारला. "आई, सकाळपासून पाणी किती प्यायलीस?"

"दोन घोट."

"दोनच?"

"अरे, पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं. इथं प्रत्येक वेळी एक युरो मागतात. शंभर रुपये! आणि ते शोधण्यात तुम्हा सगळ्यांचा खोळंबा. तुमच्या मजेत माझी अडचण कशाला?"

आईची बाटली दिवसभर माझ्याच पाठपिशवीत होती, जवळजवळ भरलेली. मी ते पाहिलंच नव्हतं.

नक्की काय झालं होतं?

आईची बीपीची गोळी ही टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध यांची एकत्र गोळी आहे. अशी गोळी आपल्याकडे लाखो लोक घेतात आणि ती चांगलीच आहे. पण उन्हात काय होतं ते समजून घ्या.

ऊन लागलं की शरीर दोन गोष्टी करतं. कातडीकडे जास्त रक्त पाठवतं आणि घाम काढतं. दोन्हींमुळे बीपी थोडं उतरतं. वय वाढलं की तहानेची जाणीव मंदावते, मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकद कमी होते, घामही पूर्वीसारखा येत नाही. त्यात लघवीची गोळी पाणी आणि मीठ बाहेर टाकत राहते. टेल्मिसार्टनसारखी औषधं उतरलेलं बीपी सावरण्याची शरीराची धडपड थोडी अडवतात. बीटा ब्लॉकर असेल तर हृदयाचे ठोके गरजेइतके वाढत नाहीत. ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या आणि वारंवार लघवी होण्यावरच्या काही गोळ्या घामच कमी करतात.

या सगळ्यात माणसानं पाणी पिणंही थांबवलं, तर चक्कर येणारच. आईचं नशीब की ती बसली. त्या दगडी जिन्यावर पडली असती तर खुब्याचं हाड मोडून आमची सहल इटलीतल्या ऑपरेशन थिएटरमध्ये संपली असती.

समुद्राचा वारा आणखी फसवतो. घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंग कोरडं वाटतं आणि आपण किती पाणी गमावलं ते कळत नाही.

"युरोप थंड असतो" हा समज सोडा

२००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेमुळे ७०,००० हून अधिक जादा मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. २०२२ च्या उन्हाळ्यासाठीचा अंदाज ६०,००० च्या वर आहे आणि त्यात सर्वाधिक, सुमारे १८,००० मृत्यू इटलीतले. बहुतांश मृत्यू वयस्कर माणसांचे. ऑगस्ट २०२१ मध्ये सिसिली बेटावर ४८.८ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. आपल्या विदर्भालाही हा आकडा जड जाईल.

आपल्याकडे ऊन आहे तसं उन्हाची सवयही आहे. दुपारी बाराला आपण आजीला घेऊन बाजारात जात नाही. तेच आपण परदेशात बिनधास्त करतो, कारण हवेत "फॉरेन" असतं आणि तिकिटांचे पैसे वसूल करायचे असतात. शिवाय तिकडच्या बऱ्याच जुन्या घरांत आणि लहान हॉटेलांत एसी नसतो. दिवसभर तापलेल्या खोलीत रात्रीही शरीराला विसावा मिळत नाही. बुकिंग करताना एसी आहे का आणि लिफ्ट आहे का, हे दोन प्रश्न विचाराच.

खुद्द इटलीतले म्हातारे काय करतात ते आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिलं. दुपारी खिडक्यांची लाकडी झडपं बंद, गल्ली सामसूम. संध्याकाळी सहानंतर तेच आजी-आजोबा स्वच्छ कपडे घालून समुद्राकडेला फिरताना दिसतात. आपली वामकुक्षी आणि संध्याकाळची फेरी याहून वेगळी नाही. दुपारी एक वाजता जिना चढत होतो ते फक्त आम्ही पर्यटक.

रोममध्ये बदललेला बेत

त्या दिवशी आम्ही जिना उतरून परत फिरलो. संध्याकाळी खोलीत आईचं बीपी १०४/६० होतं. दोन दिवस मी तिची गोळी बदलली. मी तिचा डॉक्टर आहे म्हणून ते केलं. तुम्ही मनानं गोळ्या बंद करू नका. निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारा: "जुलाब, उलट्या झाल्या किंवा ऊन फार असेल, तर यातली कोणती गोळी थांबवायची?" उत्तर लिहून घ्या. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी तर हे नक्की विचारावं, कारण त्याही गोळ्या लघवीवाटे पाणी घालवतात.

रोममध्ये आम्ही वेळापत्रक आईच्या हातात दिलं. सकाळी साडेआठला बाहेर, अकराला परत. दुपारी जेवण आणि झोप. सहानंतर पुन्हा बाहेर. जूनमध्ये तिथं रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे काही चुकल्यासारखं वाटत नाही. कलोसियम सकाळी पाहिलं. सेंट पीटर्सच्या घुमटावर मुलं दोघंच गेली. लिफ्ट घेतली तरी पुढे तीनशेवर पायऱ्या उरतात. आम्ही तिघं खाली गार सावलीत बसलो.

रोमच्या रस्त्यांवर लोखंडी नळकांडी दिसतात. त्यांना नाझोनी म्हणतात, म्हणजे मोठ्या नाकाचे. १८७४ पासून बसवलेल्या या नळांची संख्या आज सुमारे अडीच हजार आहे. पिण्याचं गार पाणी, फुकट. खालचं तोंड बोटानं दाबलं की नळीच्या वरच्या भोकातून कारंजं उडतं आणि थेट पिता येतं. ही युक्ती आईला फार आवडली. आणि स्वच्छतागृहाचा प्रश्न आम्ही असा सोडवला: दर दोन तासांनी कोणत्या तरी कॅफेत शिरायचं, एक कॉफी घ्यायची आणि आईला म्हणायचं, "चल, आम्हाला सगळ्यांनाच जायचंय." हे "सगळ्यांनाच" महत्त्वाचं. तिच्यासाठी थांबतोय असं तिला वाटलं असतं, तर ती पुन्हा पाणी सोडून बसली असती.

मधुमेह असेल तर

माझे एक पेशंट, निवृत्त गृहस्थ, रोममध्ये दुपारी तीनला जेवायला गेले. सवयीनं ग्लिमेपिराइडची गोळी आधीच घेतली होती. इटलीत बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला बंद होतं आणि संध्याकाळी सात-साडेसातला उघडतं. सकाळपासून भरपूर चालणं झालेलं. साखर ५४ वर गेली. बायकोच्या पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या होत्या म्हणून निभावलं.

म्हणून जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय घेऊ नका. ग्लुकोज पावडर खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. दगडी रस्त्यांवर आणि तापलेल्या किनाऱ्यावर अनवाणी चालू नका, आणि रोज रात्री तळवे तपासा. पायांची संवेदना कमी झालेल्यांना फोड आलेला कळतही नाही.

निघण्यापूर्वी

- महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. सहलीआधी रोज चालण्याचा सराव करा.
- औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन चेक-इन सामानात अजिबात नको, तिथं ते गोठू शकतं. फिरताना त्याला उन्हापासून जपा.
- औषधांच्या मूळ नावांची चिठ्ठी जवळ ठेवा. आपले ब्रँड तिकडे कोणी ओळखत नाही.
- इटलीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. दिवसातून एकदाच्या बहुतेक गोळ्या तिथल्या सकाळी घेतल्या तरी चालतात. इन्सुलिनचं मात्र विचारून ठरवा.
- शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो. तो घेताना जुने आजार लपवू नका आणि ते विम्यात धरले आहेत का ते वाचा.
- विमानात दर तासा-दोन तासांनी उठून चाला.
- ओआरएसची पाकिटं न्या. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी आणि ओआरएस किती चालेल ते आधी विचारा.

चक्कर, मळमळ, घाम, थकवा असेल तर सावली, आडवं होणं, पाणी. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोपाळला, अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात. युरोपियन युनियनच्या सर्व देशांत चालणारा ११२ हा नंबर लगेच फिरवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नीट नसेल तर तोंडानं काही देऊ नका. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही.

शेवटी

पाचपैकी आम्ही तीन गावं पाहिली. कोर्निल्या राहूनच गेलं. घरी आल्यावर आई शेजारणींना काय सांगते? रोमचे नळ, आणि पियात्सा नवोनामध्ये संध्याकाळी तासभर नुसतं बसून पाहिलेली माणसं. राहिलेल्या दोन गावांचं नाव तिनं एकदाही काढलेलं नाही.

आपली आई, सासूबाई, आजोबा तक्रार करत नाहीत, याचा अर्थ त्यांना त्रास होत नाही असा नाही. "बरं वाटतंय ना?" असं विचारलंत तर उत्तर "हो रे बाबा" हेच येणार. त्याऐवजी सहलीत रोज दोन प्रश्न विचारा: "आज बाटली किती वेळा भरली?" आणि "लघवीला किती वेळा गेलीस?" थोडं अवघड वाटेल. पण दुपारपर्यंत एकदाही गेली नसेल, तर पुढचं ठिकाण रद्द करा आणि सावलीत बसा.