कापसाला नाका, विषाला वाट मोकळी



सावनेरच्या पुढे मध्य प्रदेशाची हद्द लागते. एकाधिकार खरेदीच्या काळात या हद्दीवर आपला कापूस अडवला जायचा. सौंसर-पांढुर्ण्याला चार पैसे जास्त मिळतात म्हणून कोणी गाडी भरली की तो चोर ठरायचा. त्याच रस्त्याने 2025 च्या सप्टेंबरात काय आले ते ऐका.

छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातली आजारी लेकरे आली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. ताप-खोकल्याला औषध पाजले आणि काही दिवसांत लघवी बंद झाली. आईबापांनी उसनवारी करून नागपूर गाठले. कोणी मेडिकलला, कोणी एम्सला, कोणी खासगी दवाखान्यात. मूत्रपिंडाचा तुकडा तपासल्यावर नागपुरातच विषाचा संशय आला. वीसहून अधिक लेकरे गेली. त्यातली बरीचशी आपल्या नागपुरात गेली.

औषधाचे नाव कोल्ड्रिफ. तमिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात श्रीसन कंपनीने मे 2025 मध्ये बनवलेले, बॅच एसआर-13. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. चालते किती? 0.1 टक्का. म्हणजे बाटलीत जवळजवळ अर्धे विष! हे कारखान्यात वापरायचे द्रव्य, पोटात गेले की मूत्रपिंड बंद पाडते.

आणि हे विष सरकारला नवे नव्हते. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून हेच विष गेले आणि 14 रोगी मेले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, त्याचा अहवाल आला, आरोग्यमंत्र्याची खुर्ची गेली. पुढे 39 वर्षे सरकारे काय करत होती?

लेकरे मेल्यावर काय झाले? भोपाळ म्हणाले, दोष तमिळनाडूचा. चेन्नई म्हणाली, तुमच्या बाजारातला माल तुम्ही का नाही तपासला? दिल्लीने राज्यांकडे बोट दाखवले. कायद्याची रचनाच अशी की परवाना देणार कारखान्याचे राज्य, विक्रीवर नजर ठेवणार दुसरे राज्य, आणि मरण येणार तिसऱ्या राज्यात.

आधी पकडला गेला तो औषध लिहून देणारा डॉक्टर. मालक 9 ऑक्टोबरला चेन्नईत सापडला. डॉक्टरने जाब द्यावाच, कारण या प्रकारचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असे केंद्राने डिसेंबर 2023 मध्येच बजावले होते. पण बाटलीत विष आहे हे डॉक्टरला डोळ्यांनी दिसत नाही. ते पाहण्याचा पगार औषध निरीक्षक घेतो. त्यातल्या काहींना निलंबित केले म्हणे! आमच्या माणसाच्या हातून एवढे घडले असते तर तो निलंबनावर सुटला असता का?

आफ्रिकेतल्या गांबियात 2022 साली अशीच सुमारे सत्तर मुले गेली. औषध हरियाणातल्या कारखान्याचे. आपल्या सरकारने नमुने तपासून माल चांगला असल्याचे सांगितले आणि हात झटकले. उझबेकिस्तानात नोएडाच्या औषधाने 68 मुले मेली. तिथल्या कोर्टाने फेब्रुवारी 2024 मध्ये 23 जणांना शिक्षा केली. त्यात औषध मंजूर करणारे सरकारी अधिकारी होते, आणि आयात करणाऱ्या कंपनीतला एक भारतीयही होता. त्याला 20 वर्षे झाली. आपल्याकडे परवाना देणारा साहेब पिंजऱ्यात उभा राहिलेला कोणी पाहिला आहे काय?

परक्या मुलखात जाब विचारणे गरिबाला झेपत नाही, असे वकील सांगतात. यवतमाळ आठवा. 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर माणसे मेली. त्यातल्या दोघांच्या विधवा आणि वाचलेला एक शेतकरी सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात कोर्टात गेले. कंपनी दोष नाकारते. पण जाब तिला तिच्या गावात द्यावा लागतो आहे.

घरच्या कायद्यातही वाट आहे. गुन्हा जिथे घडला तिथे किंवा त्याचा परिणाम जिथे झाला तिथे, दोन्हीकडे खटला चालू शकतो. भेसळीच्या औषधाने माणूस मेला तर 1940 च्या औषध कायद्यात किमान 10 वर्षे ते जन्मठेप आहे, किमान 10 लाख दंड आहे, आणि तो दंड मृताच्या वारसाला द्यायचा आहे. 2019 च्या ग्राहक कायद्याने राहत्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, कांचीपुरमला खेटे घालावे लागत नाहीत.

म्हणून जिल्हा मेळाव्यात ठराव मांडायचा आहे: नागपुरात मेलेल्या लेकरांच्या बाबतीत महाराष्ट्र सरकारने 'आमच्या हद्दीतले औषध नव्हते' म्हणून बाजूला होऊ नये, आणि परवाना देणाऱ्या व तपासणी टाळणाऱ्या अधिकाऱ्यांना आरोपी करण्याची मागणी तिन्ही राज्यांकडे लेखी करावी. ठरावावर सही करायला बायकांनी पुढे यावे. आणि तोवर एवढे करा, औषध घेतले की बिल मागा, बाटली संपली तरी आजार बरा होईपर्यंत फेकू नका. बॅच नंबर तिच्यावरच असतो.