नकाशात नसलेला, तरीही खरा देश

१८१५ची व्हिएन्ना परिषद, १८३०च्या क्रांत्या, १९३८चा म्युनिक करार, १९५६चा हंगेरीतला उठाव. युरोपचा इतिहास शिकवताना ही सालं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. मुलं सनावळी पाठ करतात, ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटरनिक, त्याचं नावही विसरत नाहीत. पण त्या सालांत एखाद्या कारकुनाच्या घरात काय चाललं होतं, हे पाठ्यपुस्तकात नसतं. मला ते उर्सुला ले ग्विन यांच्या ऑर्सिनियात सापडलं. हा मध्य युरोपातला देश कुठल्याच नकाशात नाही.

ले ग्विन (१९२९-२०१८) आपल्याकडे ओळखल्या जातात त्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठी. त्यामुळे १९७६चा ‘ऑर्सिनियन टेल्स’ हा अकरा कथांचा संग्रह आणि १९७९ची ‘मालाफ्रेना’ ही कादंबरी मागे पडली. हा त्या पुस्तकांवर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

युरोपात खोटा देश वसवणं इंग्रजीला नवं नव्हतं. अँथनी होप यांनी १८९४ मध्ये ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’त रुरिटानिया उभा केला. राजा, त्याचा तोतया, राजकन्या, तलवारबाजी. वाचायला बहार येते, पण त्या देशात महिनाअखेरीची चिंता कुणालाच नसते. ऑर्सिनियात ती असते. ‘आन दी मुझीक’ ही कथा घ्या. साल १९३८. लादिस्लास गाये कारखान्यात कारकुनी करतो. घरी आजारी आई, बायको, तीन मुलं, अपुरी जागा. अशा संसारात तो मोठी धार्मिक संगीतरचना लिहितोय. परगावाहून आलेल्या एका बड्या संगीत-व्यवस्थापकाला तो ती दाखवतो. त्या माणसाला गुण कळतो, पण तो म्हणतो, एवढं मोठं काम सोडा, गाणी लिहा. हा काळ संगीताचा नाही. घरी परतल्यावर रेडिओवर शूबर्टचं गाणं लागतं. हिटलरच्या सावटाखाली संगीताचा उपयोग काय, हा प्रश्न तिथे इतका अंगावर येतो की म्युनिकवरचं कुठलंही प्रकरण मला त्यापुढे तोकडं वाटतं. ही कथा १९६१ची, लेखिकेची छापून आलेली पहिली कथा.

प्रत्येक कथेच्या शेवटी साल दिलेलं आहे, आणि क्रम मुद्दाम विस्कटलेला. पहिली कथा १९६०ची, दुसरी थेट ११५०ची. पहिल्या कथेतला शास्त्रज्ञ परिषदेसाठी पॅरिसला येतो, व्हर्सायच्या कारंज्यांपाशी पाळतीवरच्या माणसांच्या नजरेतून निसटतो. पळून जायची वाट मोकळी असते. तरी तो परत फिरतो. त्याला भित्रा ठरवावं की निष्ठावान, हे लेखिका सांगत नाही, आणि मला तेच योग्य वाटतं.

खरा चेकोस्लोव्हाकिया किंवा खरा हंगेरी का निवडला नाही, असं कुणी विचारेल. माझ्या मते यात प्रामाणिकपणा आहे. कॅलिफोर्नियात वाढलेल्या बाईंनी बुडापेस्टच्या माणसांचं दुःख स्वतःच्या नावावर लावलं नाही. त्यांनी वेगळी भूमी घडवली आणि ऑस्ट्रियाचा अंमल, महायुद्धांचं सावट, पोलिसांची पाळत हे सगळं खरं ते तिच्यावर येऊ दिलं. दुसरा फायदा असा की ऐतिहासिक कादंबरी हाती घेतली की आपण आधी ‘हे असं घडलं होतं का?’ म्हणून वाद घालतो. इथे तो वादच संपतो, माणूस तेवढा उरतो. ऐतिहासिक म्हटलं की राजे आणि सेनापतींकडेच वळणाऱ्या आपल्या लेखकांनी या वाटेचा जरूर विचार करावा.

वाचायला सुरुवात करणाऱ्यांना एक सुचवते. आधी ‘आन दी मुझीक’ वाचा. मग फाब्रे घराण्याच्या कथा सालांप्रमाणे घ्या: दगडाच्या खाणीतली १९१०ची ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’, मग १९६२ची ‘अ वीक इन द कंट्री’. आणि शेवटी, १९८९मध्ये कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उठलेल्या प्रागसारखाच जमाव चौकात किल्ल्या खुळखुळवतो ती ‘अनलॉकिंग द एअर’. ही मूळ संग्रहात नाही, १९९०ची आहे. आता मात्र २०१६च्या ‘द कम्प्लीट ऑर्सिनिया’ या एकाच खंडात कादंबरीसह सगळ्या कथा मिळतात.