मलाशयाचा कर्करोग : निदानाला उशीर का होतो?

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्यानंतर या औद्योगिक नगरीत देशाच्या सर्व भागांतून कामगार आले. त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. दुर्ग आणि रायपूर परिसराचा नागपूरशी असलेला संबंध तर भोसल्यांच्या काळापासूनचा आहे आणि १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूरच होती. आजही मोठे दुखणे निघाले की येथील कुटुंबांसमोर दोन दिशा असतात. एक जवळच्या रायपूरची आणि दुसरी मुंबई-हावडा लोहमार्गावरून नागपूर किंवा थेट मुंबईची. मलाशयाच्या कर्करोगात मात्र मोलाचा वेळ या प्रवासात जात नाही, तो प्रवासाचा निर्णय होण्यापूर्वीच गेलेला असतो.

मलाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा गुदद्वारालगतचा, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा शेवटचा भाग. त्याच्या आतील अस्तरावर लहान मांसल गाठी निर्माण होतात, त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींचे रूपांतर कर्करोगात होते आणि त्याला साधारणतः अनेक वर्षे लागतात. म्हणजे हा रोग माणसाला बराच अवधी देतो.

तो अवधी वाया जाण्याचे मुख्य कारण म्हणजे मूळव्याध. शौचावाटे रक्त पडले की 'उष्णता झाली' असे घरातच ठरते. भट्टीजवळ पाळीत काम करणाऱ्या, अवेळी जेवणाऱ्या माणसाला हे कारण सहज पटते. मग ताक, इसबगोल, औषधविक्रेत्याने दिलेले मलम, ओळखीच्या वैद्याची पुडी असे महिने जातात. दुखत नाही म्हणून काळजीही वाटत नाही. वास्तविक मलाशयाच्या वरच्या अस्तराला वेदनेची जाणीव नसतेच, त्यामुळे तेथील गाठ बरीच वाढेपर्यंत दुखत नाही. शिवाय एखाद्याला मूळव्याध आणि कर्करोग दोन्ही एकाच वेळी असू शकतात. मूळव्याध सापडली एवढ्यावरून शोध संपत नाही.

रक्ताबरोबर शेम पडणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, शौचाला जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्याची भावना, कारण नसताना वजन घटणे आणि थकवा ही अन्य लक्षणे होत. थकव्यामागे अनेकदा रक्तक्षय असतो. छत्तीसगडमध्ये सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने रक्तक्षयाचे एक कारण येथे सर्वांना आधीच ठाऊक असते. परंतु प्रौढ पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह कमी झाल्याचे आढळले, तर रक्त आतड्यातून जात नाही ना, हे पाहणे आवश्यक ठरते.

वयाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने उतारवयाचा रोग मानला गेला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात मात्र मोठ्या आतड्याच्या आणि मलाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत होते. भारतात या रोगाचे लोकसंख्येतील प्रमाण तुलनेने कमी आहे हे खरे. त्यामुळेच चाळिशीतील रुग्ण समोर आला की डॉक्टरांच्याही मनात ही शंका उशिरा येते.

निदानाची पहिली पायरी खर्चाची नाही. हातमोजा घालून बोटाने केलेल्या गुदतपासणीत खालच्या भागातील अनेक गाठी हाताला लागतात. ती टाळली जाते ती संकोचामुळे, आणि हा संकोच केवळ रुग्णाचा असतो असे नाही. पुढे दुर्बिणीने संपूर्ण मोठे आतडे तपासतात, कारण दुसरीकडे आणखी गाठ असू शकते. संशयास्पद जागेचा तुकडा काढून त्याची बायोप्सी केली जाते. तुकडा काढला की रोग पसरतो हा समज निराधार आहे. बायोप्सीशिवाय उपचारांची दिशाच ठरत नाही.

त्यानंतर एमआरआय तपासणी होते. गाठ मलाशयाच्या भिंतीत किती खोल गेली आहे, भोवतालच्या चरबीच्या आवरणाच्या कडेपर्यंत पोहोचली आहे काय, हे त्यात दिसते. रोग यकृतात किंवा फुप्फुसांत गेला आहे काय, हे सीटी स्कॅनवरून कळते. रक्तातील सीईए या घटकाची मोजणी पुढील तुलनेसाठी करून ठेवतात. रोग मलाशयापुरता मर्यादित असताना निदान झाले, तर अमेरिकेतील नोंदींनुसार पाच वर्षांनंतर सुमारे ९० टक्के रुग्ण हयात असतात. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर हेच प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली येते.

उपचारांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. १९०८ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी मलाशय गुदद्वारासह काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. रुग्ण वाचत, पण पोटावर शौचाची कायमची वाट करावी लागे. १९८२ मध्ये बिल हील्ड यांनी मलाशय त्याच्या चरबीच्या आवरणासह अखंड काढण्याचे महत्त्व दाखवून दिले आणि त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण घटले. पुढे किरणोपचार शस्त्रक्रियेच्या आधी देण्याची पद्धत रुळली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात, किरणोपचार आणि केमोथेरपी शस्त्रक्रियेआधी दिलेल्या गटात पाच वर्षांत ६ टक्के रुग्णांचा रोग त्याच जागी उलटला, तर नंतर दिलेल्या गटात १३ टक्के.

किरणोपचार दोन प्रकारे दिले जातात. दीर्घ पद्धतीत सुमारे साडेपाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, केमोथेरपीच्या जोडीने. लघु पद्धतीत केवळ पाच दिवस, मात्र रोजची मात्रा मोठी. वैद्यकीय ग्रंथांत हा तपशील दोन ओळींत येतो. भिलाईच्या कामगारासाठी तो साडेपाच आठवड्यांच्या रजेचा, नागपूरला किंवा मुंबईला खोली घेण्याचा आणि सोबतीला कोण राहणार याचा प्रश्न असतो. रायपूर भिलाईपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तेथे डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयातील प्रादेशिक कर्करोग केंद्र आणि एम्स या सरकारी संस्था असल्याने रोज घरून जाऊन येणे शक्य होते. ही सोय लहान मानता येणार नाही, कारण अर्धवट सोडलेले किरणोपचार पुढचे सर्व गणित बिघडवतात. लघु पद्धत सोयीची असली तरी ती सरसकट निवडता येत नाही. गाठ खूप वाढलेली असल्यास लघु किरणोपचार व त्यानंतर केमोथेरपी घेतलेल्या रुग्णांत पाच वर्षांनंतर त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण काहीसे अधिक असल्याचे युरोपातील एका मोठ्या अभ्यासात आढळले.

अलीकडे संपूर्ण केमोथेरपीही शस्त्रक्रियेआधीच देण्याकडे कल आहे. त्यानंतर गाठ पूर्णपणे नाहीशी झालेली दिसल्यास, शस्त्रक्रिया न करता काटेकोर देखरेख ठेवण्याचा मार्ग ब्राझीलच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी पुढे आणला. ही देखरेख म्हणजे उपचारांतून सुटका नव्हे. पहिली दोन-तीन वर्षे ठरावीक महिन्यांनी दुर्बीण आणि एमआरआय चुकवता येत नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डोस्टारलिमॅब या औषधाने १२ रुग्णांची गाठ केवळ औषधावर नाहीशी झाल्याच्या बातमीने जगभर आशा निर्माण केली. पण ते रुग्ण विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या गाठींचे होते आणि अशा गाठी मलाशयाच्या कर्करोगात साधारण ५ ते १० टक्केच असतात. तो दोष बायोप्सीच्या तुकड्यावरूनच तपासता येतो.

रुग्णांना सर्वाधिक धास्ती असते ती पोटावरच्या पिशवीची. अनेकांच्या बाबतीत ती तात्पुरती असते, जोडलेले आतडे भरून येईपर्यंतच. गाठ गुदद्वाराच्या स्नायूंत शिरली असेल तर ती कायमची होते. तिची जागा शस्त्रक्रियेआधी रुग्णाला उभे करून, बसवून, वाकवून ठरवायची असते. मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या पोटाची घडी कोठे पडते, साडीची निरी किंवा पट्टा कोठे येतो, हे पाहिले नाही तर पिशवी गळत राहते आणि माणूस घराबाहेर पडणे सोडतो. उलट, गुदद्वार वाचवलेल्या काहींना दिवसातून अनेकदा शौचाला जावे लागते, हेही आधी सांगितले गेले पाहिजे. तरुण रुग्णांना मूल हवे असल्यास तो विषय किरणोपचारांपूर्वीच डॉक्टरांकडे काढावा लागतो.

खर्चासाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण आहे. राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमाचा भर मात्र तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांवर आहे, मलाशय त्यात नाही. त्यामुळे शोध लक्षणांपासूनच सुरू होतो. अपवाद रुग्णाच्या सख्ख्या नातलगांचा. त्यांनी चाळिशीत, किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा दुर्बीण तपासणी करून घ्यावी, असा वैद्यकीय संकेत आहे. रोग ४२व्या वर्षी आढळला असेल, तर धाकट्या भावाची तपासणी ३२व्या वर्षी व्हायला हवी.