पंपाला किती?

साहित्यात एम. ए. केलेल्या मुलामुलींना निकालानंतर ‘पुढे काय?’ असं विचारलं जातं, तेव्हा उत्तरं ठरलेली असतात. नेट-सेट देऊन प्राध्यापकीच्या रांगेत उभं राहायचं, बी. एड. करायचं, एखाद्या वर्तमानपत्रात उमेदवारी करायची, नाहीतर एमपीएससीचा क्लास लावायचा. पुण्यात हिंजवडी, बाणेर, खराडीच्या कंपन्यांमध्ये ‘टेक्निकल रायटर’ नावाचं एक पद असतं आणि त्यावर साहित्याचे, पत्रकारितेचे पदवीधरही काम करतात, हे या यादीत क्वचितच येतं. आलंच तर जरा दबक्या आवाजात, लेखक होता होता पोरीचा पाय घसरला अशा थाटात. मला हा थाट चुकीचा वाटतो. लेखन शिकलेल्या माणसाला हे काम जमतं त्याचं कारण त्याचं चांगलं व्याकरण, असं समजलं जातं. व्याकरण लागतंच, पण ते पुष्कळांना येतं. खरं कारण असं की, समोर नसलेल्या माणसाच्या डोक्यात शिरून तिथून जग बघायची सवय साहित्याच्या अभ्यासानं लागलेली असते, आणि सूचना लिहिण्याच्या कामात ती सवय हेच भांडवल आहे. अडचण एवढीच की, आपली विद्यापीठं ‘व्यवहारोपयोगी’ लेखन शिकवायला बसतात तेव्हा नेमकी तीच सवय वर्गाबाहेर ठेवतात.

आधी काम काय असतं ते पाहू. यंत्र, औषध, सॉफ्टवेअर बनवणारा माणूस आणि ते वापरणारा माणूस यांच्यामध्ये बसून दुसऱ्याच्या बाजूनं लिहायचं. कंपनीत याचा अर्थ असा की, डेव्हलपरनं केलेला बदल समजून घ्यायचा, स्वतः वापरून बघायचा, मुद्दाम चुका करून बघायच्या, मग लिहायचं, आणि रिव्ह्यूला दिल्यावर ‘हे तर सगळ्यांना माहीतच असतं’ असा शेरा आला की शांतपणे विचारायचं, सगळे म्हणजे कोण? धंदा जुना आहे. १९४९ मध्ये बायनॅक या संगणकासाठी जोसेफ चॅपलाइन यांनी लिहिलेली पुस्तिका ही संगणकाची पहिली वापर-पुस्तिका मानली जाते. पण त्याच्याही साडेपाचशे वर्षं आधी, १३९१ च्या सुमारास, इंग्रजीतला थोर कवी जेफ्री चॉसर यानं ॲस्ट्रोलेब हे खगोलयंत्र कसं वापरायचं यावर एक पुस्तिका लिहिली. ती लिहिली दहा वर्षांच्या ल्युइस नावाच्या मुलासाठी. त्या काळी असं ज्ञान लॅटिनमध्ये असायचं, मुलाला लॅटिन जेमतेम येत होतं, म्हणून चॉसरनं ती साध्या इंग्रजीत लिहिली आणि मुलानं विसरण्यापेक्षा एकच गोष्ट दोनदा सांगितलेली बरी, असं प्रस्तावनेतच बजावलं. वाचक कोण, त्याला काय येतं, काय येत नाही, हे आधी ठरलं आणि मग वाक्यं आली. कवीला ते सुचलं यात मला आश्चर्य वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप इंजिनिअरांचा असतो: ज्यानं यंत्र बनवलं त्यालाच ते सगळ्यात जास्त कळतं, मग त्यानंच लिहावं, मध्ये हा भाषावाला कशाला? थेरॅक-२५ ची हकिगत या आक्षेपासमोर ठेवण्यासारखी आहे. कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं हे कॅनडात बनलेलं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्यातून सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा प्रचंड जास्त मात्रा गेली. १९८६ च्या मार्चमध्ये टेक्सासमधल्या टायलर गावच्या केंद्रात उपचार सुरू होताच पडद्यावर अक्षरं उमटली, ‘मालफंक्शन ५४’. यंत्राला लावलेल्या कागदावर त्याचा खुलासा होता, ‘डोस इनपुट २’. पुस्तिकेत त्याहून अधिक काही नव्हतं. मात्रा फार जास्त गेली आहे किंवा फार कमी, यांपैकी काहीतरी एक, हा त्याचा अर्थ कंपनीकडून पुढे कळला. असे निरुपद्रवी वाटणारे संदेश तिथल्या ऑपरेटरना सवयीचे झाले होते आणि पडद्यावरचा आकडा तर मात्रा कमीच गेल्याचं सांगत होता. म्हणून पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली गेली आणि रुग्णाला दुसरा झटका बसला. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये होता, आधीच्या यंत्रांत असलेली यांत्रिक सुरक्षा काढून टाकण्यात होता. तो पुस्तिकेच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण ‘डोस इनपुट २’ हे शब्द ज्यानं लिहिले त्याला विषय कळत नव्हता असं कोण म्हणेल? त्याला तो इतका कळत होता की, खोलीबाहेर कळफलकावर बोट ठेवून बसलेल्या माणसाला यातून काहीच कळणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. जाणकारीचा हा तोटा जाणकाराला आतून दिसत नाही. तो दिसायला बाहेरचा, पण चिवट प्रश्न विचारणारा माणूस लागतो.

अर्थात बाहेरचा म्हणजे अडाणी नव्हे. ‘मला बाई त्यातलं टेक्निकल काही कळत नाही’ हे वाक्य आपल्याकडे साहित्याची माणसं जरा अभिमानानंच उच्चारतात. तो अभिमान घेऊन या कामात कुणी येऊ नये. यंत्र उघडून बघायची उत्सुकता नसेल तर लिहिलेलं पोकळ निघतं आणि इंजिनिअर ते दोन मिनिटांत ओळखतो. शिवाय विद्यापीठात शिकलेल्या काही गोष्टी इथं विसराव्याही लागतात. एकच शब्द पुन्हापुन्हा वापरू नका, हा शाळेपासूनचा संस्कार इथं घातक. पहिल्या ओळीत ‘झडप’ म्हटलं आणि तिसऱ्या ओळीत शोभेसाठी ‘पडदा’ म्हटलं, तर वाचणारा दुसरा भाग शोधत बसतो. विमानांच्या देखभाल-पुस्तिकांसाठी १९८० च्या दशकात युरोपात साध्या इंग्रजीचे नियम तयार झाले. एका शब्दाला एकच अर्थ, कृतीचं वाक्य वीस शब्दांच्या आत, एका वाक्यात शक्यतो एकच सूचना. कवितेच्या वर्गातून आलेल्याला हे तुरुंगासारखं वाटेल, पण वृत्तात लिहिणाऱ्याला बंधनाचं एवढं भय कशाला? उलट काही गोष्टी साहित्याच्या विद्यार्थ्याला इतरांपेक्षा लवकर उमगतात. घटना घडल्या तो क्रम आणि निवेदकानं सांगितल्या तो क्रम वेगळे असतात, हे तो कादंबरीच्या अभ्यासात शिकलेला असतो. ‘कुकरचं झाकण उघडा, मात्र त्याआधी सगळी वाफ जाऊ द्या’ हे वाक्य व्याकरणानं निर्दोष आहे. पण वाचणारी बाई शब्द वाचत वाचत हात चालवते आहे आणि स्वल्पविरामापाशी तिचा हात झाकणावर पोचलेला आहे, हे ज्याला डोळ्यांसमोर दिसतं तो इशारा आधी लिहितो. ही नजर कथा वाचून, कथा लिहून येते.

आता आपल्या मातीतलं उदाहरण घेऊ, कारण हा विषय हिंजवडीपुरता नाही. कीटकनाशकाच्या बाटलीबरोबर एक घडीपत्रिका मिळते. हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषांत माहिती देणं कायद्यानं बंधनकारक, म्हणून एवढ्याशा कागदावर मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत सगळं कोंबलेलं असतं. त्यात एक तक्ता: पीक, कीड, हेक्टरी सक्रिय घटक किती ग्रॅम, हेक्टरी औषध किती, पाणी किती लिटर, शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर. एकही आकडा खोटा नसतो. पण शेतकरी मोजतो एकरात आणि फवारतो पाठीवरच्या पंधरा-सोळा लिटरच्या पंपानं. त्याचा प्रश्न एकच असतो, पंपाला किती? समजा तक्त्यात हेक्टरी २५० मिली औषध ५०० लिटर पाण्यात असं छापलंय. म्हणजे लिटरला अर्धा मिली, पंधरा लिटरच्या पंपाला साडेसात मिली, आणि एकराला साधारण १०० मिली. हा हिशेब कुणीतरी करायचाच आहे. छापणाऱ्यानं तो केला नाही, म्हणून तो बांधावर, उन्हात, हातमोज्याविना, बाटलीच्या टोपणानं होतो. टोपणात किती मिली मावतं तेही दर बाटलीला वेगळं. पॉवर पंप असेल तर पाणी कमी लागतं आणि सगळं गणितच बदलतं. बाटलीच्या लेबलवर एक चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरव्याचा अर्थ ‘कमी विषारी’ असा आहे, ‘निर्धोक’ असा नाही, हे रंग पाहून कुणाला कळावं? मग शेतकरी शहाणपणानं वागतो. कृषी सेवा केंद्रात जातो आणि दुकानदाराला विचारतो. दुकानदार सांगतो, ‘पंपाला एक टोपण.’ म्हणजे या विषयातला गावचा खरा टेक्निकल रायटर काउंटरमागे बसलेला असतो, आणि त्याला मालही खपवायचा असतो.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्याची कारणं अनेक होती: डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधांची सरमिसळ, संरक्षक कपड्यांचा अभाव, दमट हवा. पत्रिका नीट असती तर हे टळलं असतं, असा दावा मी करणार नाही. एवढंच म्हणेन की, ज्याला ती पत्रिका वाचायची होती त्याच्यासाठी ती लिहिलेलीच नव्हती. ती नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी लिहिलेली होती, आणि त्या वाचकाचं तिनं पूर्ण समाधान केलं. ‘सूचना कुणी वाचतच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी इथं जरा थांबावं. लोक वाचत नाहीत याचं एक कारण, आपल्यासाठी लिहिलेलं असं त्यांच्या हाती फारसं पडलेलंच नाही. जेव्हा पडलं तेव्हा त्यांनी ते जीव लावून वाचलं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक १९७० मध्ये आलं आणि घराघरांत तेलाचे, हळदीचे डाग पडून जीर्ण झालं. त्यातली मापं वाटी-चमच्याची आहेत, कारण वाचणारीच्या ओट्यावर तराजू नसणार हे लेखिकेनं गृहीत धरलं होतं. ‘रुचिरा’ ही मराठीतली उत्तम वापर-पुस्तिका आहे, असं मी म्हटलं तर पुस्तकाचा अपमान होऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आयटी कंपन्यांतलं हे काम इंग्रजीत चालतं. मराठीत एम. ए. केलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग? आज थेट उपयोग कमी, हे मान्य. पण मागणी नाही आणि गरज नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्यानं स्वतःच मोबाइलवर पिकाची नोंद करायची आहे. बँक, विमा, औषधं, वीजबिल, सातबारा, सगळं आता पडद्यावर आणि कागदावर सूचना देतं, आणि त्यातलं मराठी बहुतेकदा आधी इंग्रजीत ठरलेल्या मजकुराच्या मागून फरफटत येतं. तिथं अनुवादक असतो, पण लेखक नसतो. अनुवादकाला ‘हेक्टर’च्या जागी ‘पंप’ आणण्याचा अधिकार नसतो. तो अधिकार मिळेल अशी जागा निर्माण करणं हे सरकारचं आणि कंपन्यांचं काम. आणि अशा कामानं लेखणी मरते, या भीतीबद्दल फार बोलायला नको. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० मध्ये निघालं ते नांगर, चरक बनवणाऱ्या कारखान्याचं पत्रक म्हणून. पुढे त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि मराठी कथा-कादंबरीच्या दोन-तीन पिढ्या त्यावर पोसल्या.

उरली कृत्रिम बुद्धिमत्ता. ‘सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन’ ही या व्यवसायाची अमेरिकेतली जुनी संस्था २०२५ च्या सुरुवातीला दिवाळखोरीत निघून बंद पडली, तेव्हा अनेकांनी व्यवसायाचंच उत्तरकार्य उरकून टाकलं. संस्था बुडण्याची कारणं संस्थेची असतात. तरी कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नवख्यांची कामं, म्हणजे मसुदा नीट करणं, तोच मजकूर चार रूपांत बसवणं, ही कमी होणार असं दिसतं आणि आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना त्याचा चटका बसेल. यंत्र सफाईदार वाक्यं लिहितं. तक्ता हेक्टरी दिला तर ते हेक्टरीच, पण सुंदर मराठीत लिहून देईल. शेतकऱ्याचा प्रश्न वेगळाच आहे हे त्याला आधी कुणीतरी सांगावं लागेल, आणि ते सांगणाऱ्यानं बांधावर उभं राहून पाहिलेलं असावं लागेल. त्यामुळे जे शिकवायचं ते वाक्यांपेक्षा हे पाहणं शिकवावं, असं मला वाटतं.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमात कौशल्यांचे विषय आले, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं. ‘उपयोजित मराठी’ तर त्याआधीपासून आहे. तिथं आपण मायना कुठे लिहावा, विषय-संदर्भ कसे मांडावेत, इतिवृत्ताचे भाग कोणते, हे शिकवतो, म्हणजे लेखनाचा साचा शिकवतो आणि वाचक गाळतो. त्याऐवजी एक प्रात्यक्षिक ठेवता येईल. विद्यार्थ्याला कुठलीही घडीपत्रिका द्यावी आणि अर्ध्या पानात पंधरा लिटरच्या पंपासाठी ती पुन्हा लिहायला सांगावी. मग ती शेतीशी ओळख असलेल्या, पण हे औषध कधी न वापरलेल्या माणसाच्या हाती द्यावी, औषधाऐवजी रंगीत पाणी ठेवावं, आणि विद्यार्थ्यानं एक शब्दही न बोलता बाजूला उभं राहावं. माप बरोबर पडलं, हातमोजे बाटली उघडण्याआधी चढले, तर गुण. नाहीतर खाडाखोड करून पुन्हा लिहायचं, जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा. यासाठी खर्च जवळपास काहीच नाही. अडचण परीक्षा विभागाची येईल, कारण गुण देणारा तो शेतकरी विद्यापीठाच्या परीक्षक-यादीत नाही.