भंगारात देण्याआधी डिस्क पुसा

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपवाल्यांनो, ऑफिसातला जुना पीसी भंगारवाल्याला देणार असाल तर आधी त्यातली डिस्क बघा. गिऱ्हाईक कंपनीची डायची ड्रॉइंगं, सीएनसीचे प्रोग्रॅम, कंत्राटी पोरांच्या आधार कार्डाच्या आणि पासबुकाच्या स्कॅन कॉप्या, सगळं तिथंच असतं. ही कागदपत्रं त्यांनी कामाच्या गरजेपोटी तुमच्या हवाली केली, ती सांभाळणं तुमच्याकडे आलं. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेनं कुदळवाडीतली भंगाराची गोदामं पाडली. तिथं गेलेला पीसी आज कुणाकडे आहे, हे आता कुणाला विचारणार?

लिनक्सवर ‘आरएम’ या आज्ञेनं फाइल उडवली की तिचं नाव जातं आणि जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. मजकूर मात्र तिथंच पडून राहतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर तो शोधून काढतं, त्याला फाइलचं नावही लागत नाही. एकेक फाइल पुसत बसण्यातही फारसा अर्थ नाही. तिची तात्पुरती प्रत किंवा थंबनेल दुसरीकडे राहून जातं. पुसायची तर अख्खी डिस्क पुसा.

त्याआधी हिशेब दुसरीकडे उतरवून घ्या. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. मग लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून पीसी चालू करा. डिस्कचं नाव दोनदा तपासा, कारण चुकीची डिस्क पुसली गेली तर ती परत येत नाही. फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर ‘श्रेड’ ही आज्ञा चालवा. एक फेरी पुरते. पस्तीस फेऱ्यांचा सल्ला १९९६चा, त्या काळच्या डिस्कसाठी होता.

एसएसडीवर मात्र श्रेडच्या भरवशावर राहू नका. एसएसडी नवं लिखाण वेगळ्याच जागी करते, त्यामुळे जुना मजकूर आत शिल्लक राहू शकतो. तिथं ड्राइव्हची स्वतःची पुसण्याची आज्ञा वापरा: साटा असेल तर ‘एचडीपार्म’मधून, एनव्हीएमई असेल तर ‘एनव्हीएमई फॉरमॅट’नं, आणि त्यात मजकूर पुसण्याचा पर्याय निवडायला विसरू नका. डिस्क चालूच होत नसेल तर वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीन आहेच. हार्ड डिस्कच्या तबकड्यांना, एसएसडीच्या प्रत्येक चिपला आरपार भोक पाडा. चष्मा लावून.

आणि नवा पीसी घ्याल तेव्हा लिनक्स टाकणाऱ्या पोराला सांगा, इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्ट कर. तो पर्याय तिथंच समोर असतो. पासवर्ड मजबूत ठेवलात तर पीसी चोरीला गेला तरी आतलं कुणाला वाचता येणार नाही.